स्काइप गेल्यानंतर : मुक्त स्रोत कॉलिंग सॉफ्टवेअर आणि खुली मानके

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेचे कार्यालय कोल्हापुरात, मुलींचे वसतिगृह कराडला आणि एक शाळा आजरा तालुक्यात आहे. परदेशात स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलणे आणि विश्वस्तांच्या सभा अनेक वर्षे स्काइपवर होत असत. स्काइप बंद झाल्यावर कोणाशी कुठे बोलायचे याचा मेळच राहिला नाही, म्हणून आता मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घ्यावे असे विश्वस्तांना वाटते. त्यातले कोणते घ्यावे, ते टिकेल का, आणि ‘खुली मानके’ म्हणतात त्यांचा लहान संस्थेला नेमका काय उपयोग, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

मी बावीस वर्षे दवाखाने, पतसंस्था, साखर कारखाने आणि शाळा यांच्या टेलिफोन यंत्रणा उभारण्याचे काम करतो. या काळात लोकांची सर्वांत जास्त गफलत जिथे होताना पाहिली, तिथूनच सुरुवात करतो. सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असणे ही एक गोष्ट आहे आणि ते खुल्या मानकावर चालणे ही दुसरी. मुक्त स्रोत म्हणजे त्याची आज्ञावली कोणालाही वाचता, तपासता आणि दुरुस्त करता येते. खुले मानक म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलायचे याचे जाहीर छापलेले नियम, जे वाचून कोणीही आपले सॉफ्टवेअर बनवू शकतो आणि ते दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरला फोन लावू शकते. सिग्नल या निरोप आणि कॉलच्या मोबाइल सेवेचे उदाहरण घ्या. त्याच्या ॲपचा स्रोत खुला आहे आणि त्याच्या कूटलेखनाला, म्हणजे बोलणे तिऱ्हाइताला कळू नये म्हणून ते सांकेतिक करण्याला, जगभर मान आहे, परंतु सिग्नलवर असलेल्या माणसाला सिग्नलच्या बाहेरून फोन लावता येत नाही. याउलट एखाद्या कंपनीच्या टेबलावरच्या आयपी फोनची, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावर चालणाऱ्या फोनची, आज्ञावली पूर्णपणे बंदिस्त असते, तरी तो एसआयपी हे कॉल लावण्याचे मानक पाळत असल्यामुळे लिनफोनसारख्या मुक्त स्रोत ॲपशी त्याचे विनातक्रार बोलणे होते. दोन्ही गोष्टी मिळाल्या तर उत्तमच. पण एकच पदरात पडणार असेल तर संस्थेने मानक धरावे, असे माझे ठाम मत आहे, कारण सॉफ्टवेअर बंद पडले तर मानक पाळणारे दुसरे सॉफ्टवेअर त्याच जागी बसवता येते.

स्काइपच्या बाबतीत नेमके हेच करता आले नाही. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आले तेव्हा ते तांत्रिकदृष्ट्या खरोखर पुढचे होते. घरच्या राउटरच्या आडून, कोणतीही जुळणी न करता, स्वच्छ आवाज मिळणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. परंतु त्याची भाषा गुप्त होती. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेआठ अब्ज डॉलरना ते विकत घेतले आणि ५ मे २०२५ रोजी ते बंद केले. आपल्या माजी विद्यार्थ्यांकडे संस्थेचे जे स्काइप नाव होते ते त्या दिवशी निरुपयोगी झाले, कारण त्या नावाला स्काइपबाहेर अर्थच नव्हता. मोबाइल क्रमांकाचे तसे नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलता येते. स्वतःच्या डोमेनवरच्या, म्हणजे इंटरनेटवर आपल्या नावे नोंदवलेल्या नावावरच्या, ईमेल पत्त्याचेही तसे नाही, कारण सेवा देणारा बदलला तरी पत्ता आपलाच राहतो. म्हणून कोणतीही कॉलिंग सेवा घेताना मी पहिला प्रश्न हा विचारतो की, उद्या ही कंपनी नसली तर माझा पत्ता माझ्याकडे राहील का.

स्काइपच्याच पोटातली एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो दाबून लहान करणाऱ्या भागाला कोडेक म्हणतात. स्काइपने बोलण्याच्या आवाजासाठी सिल्क नावाचा कोडेक बनवला होता. दुसरीकडे झिफ या मुक्त स्रोत संघटनेतले लोक संगीतासाठी आणि अत्यल्प विलंबासाठी सेल्ट नावाचा कोडेक घडवत होते. आयईटीएफ, म्हणजे इंटरनेटची मानके ठरवणारी संघटना, हिच्या कार्यगटात हे दोन्ही एकत्र जोडले गेले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ या दस्तऐवजाने ओपस हे मानक जाहीर झाले. सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही तो चालतो, मध्येच नेटचा वेग घसरला तर बोलणे न तोडता तोही खाली येतो, आणि त्यासाठी कोणाला स्वामित्वधन द्यावे लागत नाही. आज ब्राउझरमधून होणाऱ्या बहुतेक बोलण्यात ओपसच वापरला जातो. स्काइप गेले, पण त्याचा जो भाग खुल्या मानकात दिला गेला होता तो जगभर बोलतो आहे. खुल्या मानकांचा उपयोग काय, या आपल्या प्रश्नाला मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

आता प्रत्यक्ष कॉल कसा लागतो ते एकदा जवळून पाहू, म्हणजे पुढच्या शिफारशी आंधळेपणाने मान्य कराव्या लागणार नाहीत. यात दोन कामे वेगवेगळी असतात. एक म्हणजे बोलावणे पोहोचवणे आणि दुसरे म्हणजे आवाज वाहून नेणे. बोलावण्याचे काम एसआयपी करते. हे मानक प्रथम मार्च १९९९ मध्ये आले आणि जून २००२ च्या आरएफसी ३२६१ ने त्याला आजचे रूप मिळाले. कोल्हापूरच्या फोनने कराडचा पत्ता लावला की तो ‘इन्व्हाइट’ नावाचा संदेश पाठवतो. हा संदेश साध्या मजकुरात असतो. कोणाकडून, कोणाला, कोणत्या मार्गाने, हे सगळे ओळीओळीने लिहिलेले असते आणि शेवटी ‘मला हे हे कोडेक येतात, माझा आवाज या पत्त्यावर आणि या पोर्टवर, म्हणजे या क्रमांकाच्या दारावर, पाठवा’ असे निवेदन असते. सर्व्हरकडून ‘१०० ट्रायिंग’ येते, कराडला घंटी वाजू लागली की ‘१८० रिंगिंग’ येते, तिथे फोन उचलला की ‘२०० ओके’ येते, आणि कोल्हापूरच्या फोनने ‘ॲक’ म्हणून पोच दिली की बोलणे सुरू होते. फोन ठेवला की ‘बाय’ जातो. पत्ता सापडला नाही तर ‘४०४’ मिळतो. वेबपान न सापडल्यावर दिसणारा आकडा तो हाच, कारण एसआयपीच्या रचनाकारांनी उत्तरांच्या क्रमांकांची पद्धत वेबच्याच मानकावरून घेतली.

आवाज वाहण्याचे काम आरटीपी या दुसऱ्या मानकाचे. बोलणे साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे निघतात. टेलिफोनचा जुना कोडेक जी.७११ घेतला तर प्रत्येक पाकिटात १६० बाइट आवाज असतो आणि त्यावर पत्त्यांचे ४० बाइट चढतात. हिशेब केला तर एका दिशेला सेकंदाला ८० किलोबिट लागतात. आपल्या तिन्ही ठिकाणी मिळून एका वेळी दहा कॉल चालू असले तरी ८०० किलोबिटच लागतील, म्हणजे साध्या फायबर जोडणीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. अडचण वेगाची नसते, पाकिटे उशिरा पोहोचण्याची किंवा हरवण्याची असते. तोंडून निघालेला शब्द समोरच्याच्या कानी पडायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू लागला की लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. वसतिगृहात संध्याकाळी सगळ्या मुली एकाच जोडणीवर व्हिडिओ पाहत असतील तर नेमके हेच होईल. त्यासाठी राउटरमध्ये आवाजाच्या पाकिटांना अग्रक्रम देणे एवढा उपाय पुरतो, पण तो आठवणीने करावा लागतो.

कामाच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगतो, कारण आपल्याकडेही हीच तक्रार पहिल्या आठवड्यात येण्याचा संभव आहे. एका पतसंस्थेच्या तालुक्याच्या शाखेत फोन बसवले. घंटी दोन्हीकडे वाजत होती. शाखेतले बोलणे मुख्य कार्यालयात स्वच्छ ऐकू येत होते, परंतु शाखेत मात्र काहीच ऐकू येत नव्हते. शाखाधिकारी ‘हॅलो, हॅलो’ करून फोन ठेवून देत. दोन दिवस वायर, फोन आणि राउटर बदलून पाहिले. शेवटी जाणारी-येणारी पाकिटे पकडून वाचायला बसलो तेव्हा शाखेतल्या फोनच्या निवेदनात ‘माझा आवाज १९२.१६८.१.२३ वर पाठवा’ असे लिहिलेले दिसले. हा त्या फोनचा घरगुती पत्ता, म्हणजे शाखेच्या भिंतीबाहेर त्याला काहीच अर्थ नाही. मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरने मात्र सांगितल्याप्रमाणे आवाज त्या पत्त्यावर पाठवला होता, आणि मुख्य कार्यालयाच्या स्वतःच्या जाळ्यात तोच पत्ता हिशेब विभागातल्या प्रिंटरला दिलेला होता. दोन दिवस शाखेसाठीचा सगळा आवाज सेकंदाला ५० पाकिटांच्या हिशेबाने त्या प्रिंटरकडे जात होता. आवाज ज्या दाराने येतो त्याच दाराने उत्तर पाठव, अशी सर्व्हरमध्ये एक ओळ लिहिली आणि शाखेत बोलणे ऐकू येऊ लागले.

हा दोष मला सापडला याचे कारण संदेश वाचण्याजोगा होता आणि त्यातल्या प्रत्येक ओळीचा अर्थ जाहीर दस्तऐवजात दिलेला होता. बंदिस्त सेवेत हीच अडचण आली असती तर बंद करून पुन्हा चालू करून पाहण्यापलीकडे माझ्या हाती काही नसते.

घरगुती पत्ते एका सार्वजनिक पत्त्याच्या आड ठेवण्याच्या पद्धतीला नॅट म्हणतात आणि वरचा गुंता तिच्यामुळेच होतो. मोबाइल नेटवर तर कंपनीच हजारो ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्याच्या आड बसवते, त्यामुळे गुंता दुहेरी होतो. यावरही मानकेच आहेत. स्टन या मानकाने फोनला आपला बाहेरचा पत्ता कळतो. थेट मार्ग निघतच नसेल तर टर्न सर्व्हर मध्ये बसून पाकिटे इकडची तिकडे करतो. आणि आइस हे मानक सगळे संभाव्य मार्ग तपासून चालणारा मार्ग निवडते. आपला तंत्रज्ञ ‘टर्नची गरज नाही’ म्हणाला तर त्याचे ऐकू नये. माजी विद्यार्थी परदेशात कुणाच्या कार्यालयाच्या कडक फायरवॉलमागे बसून सभेला येतात, आणि त्यांच्यापैकी काहींचा आवाज टर्नशिवाय पोहोचणारच नाही.

ब्राउझरमधले बोलणे ज्यावर चालते ते वेबआरटीसी २०११ मध्ये गूगलने मुक्त स्रोत म्हणून खुले केले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संघटनेने त्याला अधिकृत मानकाचा दर्जा दिला. याचा फायदा असा की पाहुण्याला काही उतरवून घ्यावे लागत नाही, दुवा उघडला की सभा सुरू. मात्र एक गोष्ट इथे नीट समजून घ्यावी. वेबआरटीसीने आवाज आणि चित्र कसे वाहायचे ते ठरवले, पण बोलावणे कसे पोहोचवायचे ते मुद्दाम मोकळे सोडले. म्हणून एकाच मानकावर उभ्या असलेल्या दोन सभासेवा एकमेकींना फोन लावू शकत नाहीत. कोणी विक्रेता ‘आमचे सॉफ्टवेअर वेबआरटीसीवर आहे, म्हणजे खुल्या मानकावर आहे’ असे सांगू लागला तर त्याला विचारावे की तुमच्या सेवेबाहेरचा माणूस मला कोणत्या पत्त्यावर बोलावू शकतो. बहुतेक वेळा याला उत्तर नसते.

मानक जाहीर असूनही मोठी कंपनी त्यातून अंग काढून घेऊ शकते, हेही आपल्यापासून लपवणार नाही. गूगल टॉक ही गूगलची गप्पांची सेवा २००५ मध्ये एक्सएमपीपी या निरोपांच्या खुल्या मानकावर सुरू झाली आणि २००६ पासून इतर कोणाच्याही एक्सएमपीपी सर्व्हरवरून गूगलच्या वापरकर्त्याशी बोलता येत असे. २०१३ मध्ये तिच्या जागी गूगलचे हँगआउट्स आले तेव्हा तो दरवाजा बंद करण्यात आला. ॲपलने २०१० मध्ये फेसटाइम ही आपली व्हिडिओ कॉलची सेवा जाहीर करताना ते खुले मानक करू असे व्यासपीठावरून सांगितले होते. ते आजवर झालेले नाही. परंतु यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. गूगल बाहेर पडल्यावरही ज्यांचा एक्सएमपीपी पत्ता स्वतःच्या डोमेनवर होता त्यांचे बोलणे आपापसांत चालूच राहिले, आजही चालू आहे. बुडाले ते फक्त गूगलच्या पत्त्यावर विसंबलेले.

आपल्याकडे याची आणखी एक बाजू आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली ती जुन्या पद्धतीच्या आवाजाच्या जाळ्याशिवाय, केवळ व्होएलटीईवर, म्हणजे ४जीच्या डेटा जाळ्यावरून आवाज नेण्याच्या पद्धतीवर. व्होएलटीईचे बोलावणे एसआयपीनेच जाते. म्हणजे कराडच्या बाजारात भाजी विकणाऱ्या मावशींच्या फोनमधून निघणारा कॉलही त्याच ‘इन्व्हाइट’ने सुरू होतो, ज्याचे वर्णन मी वर केले. एवढ्या मोठ्या देशाचा रोजचा संवाद या मानकावर चालतो, म्हणून ते उद्या गुंडाळले जाईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. त्या जाळ्यात आपल्या सर्व्हरला थेट प्रवेश नाही, हे खरे. पण एसआयपी जाणणारी माणसे, यंत्रे आणि सुटे भाग कोल्हापुरात मिळतात, याचे कारण हेच आहे.

आता आपण काय घ्यावे ते सांगतो. आपली गरज एक नाही, दोन आहेत, आणि दोन्हींसाठी एकच सॉफ्टवेअर शोधण्याच्या नादात बऱ्याच संस्थांचे एकही काम धड होत नाही.

तिन्ही ठिकाणांमधल्या रोजच्या बोलण्यासाठी ॲस्टरिस्क हे टेलिफोन एक्स्चेंजचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घ्यावे. मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणाने १९९९ मध्ये ते लिहिले, कारण त्याला आपल्या छोट्या कंपनीसाठी टेलिफोन एक्स्चेंज हवे होते आणि बाजारातले परवडत नव्हते. पंचवीस वर्षांनंतरही ते सांभाळले जाते आहे, जगभर वापरात आहे, आणि त्यावर बसवलेल्या फ्रीपीबीएक्स या ब्राउझरमधून चालणाऱ्या जोडसॉफ्टवेअरमुळे एक्स्टेंशन, म्हणजे अंतर्गत फोन क्रमांक, वाढवणे, कमी करणे हे काम आपले कार्यालयीन लिपिकही पानावर बघून करू शकतील. यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही. चार जीबी मेमरीचा एक छोटा, कमी वीज खाणारा संगणक पंचवीस-तीस एक्स्टेंशनना पुरून उरतो. तो कोल्हापूरला ठेवावा. टेबलावर कोणत्याही कंपनीचे एसआयपी फोन चालतील, फिरतीवर असणाऱ्यांच्या मोबाइलवर लिनफोन टाकावे. लिनफोन २००१ पासून चालू असलेला फ्रेंच प्रकल्प आहे आणि माझ्या अनुभवात सर्वांत भरवशाचा निघाला आहे. एकच काळजी घ्यावी लागते. अनेक मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारे ॲप झोपवतात आणि मग घंटीच वाजत नाही, म्हणून लिनफोनला बॅटरीच्या त्या बंधनातून वगळावे.

तिन्ही ठिकाणांना वायरगार्डने एकमेकांशी जोडून घ्यावे, हा माझा विशेष आग्रह आहे. वायरगार्ड म्हणजे इंटरनेटवरून काढलेला खासगी, कूटबद्ध बोगदा. २०२० पासून तो लिनक्स या मुक्त स्रोत संगणक प्रणालीच्या गाभ्याचाच भाग आहे. तो टाकला की आजऱ्याचा फोन कोल्हापूरच्याच जाळ्यात असल्यासारखा वागतो, वर सांगितलेला नॅटचा गुंता उद्भवत नाही, आणि महत्त्वाचे म्हणजे आपला सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसत नाही. एसआयपीचे ५०६० हे पोर्ट इंटरनेटवर उघडे ठेवले की पासवर्ड चाचपून पाहणारी यंत्रे काही तासांत येऊन धडकतात. एका संस्थेत एक्स्टेंशन १०१ चा पासवर्डही १०१ ठेवलेला होता. दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय बंद असताना कोणीतरी तो वापरून महागड्या परदेशी क्रमांकांवर रात्रभर कॉल केले आणि बिल आले ते संस्थेच्या नावाने. म्हणून पासवर्ड लांब आणि यंत्राने बनवलेले असावेत, परदेशी क्रमांक लावण्याची सोय ज्या एक्स्टेंशनला गरज आहे तिलाच द्यावी, आणि बोगद्याबाहेरच्या मोबाइलसाठी दार उघडावेच लागले तर बोलावणे टीएलएसने व आवाज एसआरटीपीने, या कूटबद्ध करण्याच्या मानकांनी, झाकावा.

विश्वस्तांच्या सभा आणि माजी विद्यार्थ्यांचे मेळावे यांसाठी जिट्सी मीट हे ब्राउझरमधल्या व्हिडिओ सभांचे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर घ्यावे. याची सुरुवात २००३ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग विद्यापीठात एमिल इव्होव्ह या विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून झाली. पुढे मालकी दोनदा बदलली, पण स्रोत खुला असल्यामुळे काम थांबले नाही. मालक बदलला तरी सॉफ्टवेअर हातचे जात नाही, हा मुक्त स्रोताचा खरा लाभ इथे दिसतो. जिट्सीचा सार्वजनिक सर्व्हर आहे, परंतु २०२३ पासून तिथे सभा सुरू करणाऱ्याला खाते लागते. संस्थेने चार कोअर आणि आठ जीबी मेमरीचा एक सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर स्वतःचे जिट्सी बसवावे हे बरे. सर्व्हर भारतातल्या विदाकेंद्रात (डेटा सेंटरमध्ये) घ्या, कारण बोलणारे बहुसंख्य इथलेच आहेत. जिट्सीत व्हिडिओ सर्व्हरवर मिसळला जात नाही, प्रत्येकाचे चित्र इतरांकडे वाटले जाते. त्यामुळे खर्च होतो तो बँडविड्थचा. पन्नास जणांच्या मेळाव्यात बोलणाऱ्याशिवाय इतरांनी कॅमेरा बंद ठेवावा, असा नियम केला तर एवढा सर्व्हर सहज पुरेल. आवाजासाठी फोनवरूनच येऊ इच्छिणाऱ्या वृद्ध विश्वस्तांकरिता जिट्सीला एसआयपी दरवाजा जोडता येतो, पण ते दुसऱ्या टप्प्यात करावे. सगळे एकदम केले की काय बिघडले ते समजत नाही.

लेखी निरोप आणि एकास एक व्हिडिओ बोलण्यासाठी एक्सएमपीपीचा विचार पुढे जरूर करावा. अँड्रॉइडवरच्या कॉन्व्हर्सेशन्स या ॲपमध्ये २०२० पासून आवाज आणि चित्र दोन्ही आहेत. तूर्त ते मागे ठेवा.

कायद्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. भारतात १ एप्रिल २००२ पासून इंटरनेट टेलिफोनीला मर्यादित परवानगी मिळाली आणि नंतर नियम बरेच सैल झाले, परंतु इंटरनेटवरचे बोलणे साध्या टेलिफोन जाळ्यात सोडण्याचा अधिकार परवानाधारक कंपनीलाच आहे. संस्थेच्या एक्स्टेंशनांनी आपापसांत बोलणे आणि जिट्सीवर जगभरातल्या लोकांशी सभा घेणे यात काही अडचण नाही. पण अमेरिकेतल्या माजी विद्यार्थ्याचा इंटरनेटवरून आलेला कॉल आपल्या यंत्रातून स्थानिक मोबाइलवर सोडून दिला तर तो बेकायदा एक्स्चेंज चालवण्याचा प्रकार ठरतो, मग हेतू कितीही चांगला असो. बाहेरचे क्रमांक लावायचे असतील तर परवानाधारक कंपनीकडून एसआयपी ट्रंक, म्हणजे आपले एक्स्चेंज साध्या टेलिफोन जाळ्याला जोडणारी एसआयपी जोडणी, घ्यावा, आणि कराड व आजऱ्याच्या फोनवरून कोल्हापूरचा ट्रंक वापरण्यास त्यांच्या योजनेत परवानगी आहे का, हे त्यांच्याकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘चालते हो’ वर अवलंबून राहू नये.

वसतिगृहाची मला सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून हा मुद्दा वेगळा लिहितो. तांब्याच्या तारेच्या जुन्या लँडलाइनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट वीज येत असे, त्यामुळे गावची लाइट गेली तरी फोन चालू राही. आयपी फोन, राउटर, फायबरचे यंत्र आणि सर्व्हर यांना प्रत्येकी वेगळी वीज लागते आणि यातले एकही बंद पडले की फोन मुका होतो. त्यासाठी कराडला राउटर, फायबरचे यंत्र आणि निदान एक फोन मिळून यूपीएसवर ठेवा, आणि वर्षातून दोनदा मुद्दाम मेन स्विच बंद करून तो किती वेळ तग धरतो ते घड्याळ लावून पाहा. शिवाय या यंत्रणेतून ११२ हा आपत्कालीन क्रमांक लागेल असे कोणी गृहीत धरू नये. वॉर्डनबाईंच्या खोलीत साधा, कायम चार्ज असलेला मोबाइल ठेवावा आणि त्यावर तो कशासाठी आहे हे मराठीत लिहून चिकटवावे.

ते टिकेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की मानक टिकेल, सॉफ्टवेअर बहुधा टिकेल, पण सांभाळणारा माणूस नसेल तर यंत्रणा दोन वर्षांत मोडकळीस येईल. मुक्त स्रोताला परवान्याची किंमत नाही, देखभालीची आहे. महिन्यातून एकदा अद्ययावत आवृत्त्या टाकणारा, बॅकअप दुसऱ्या जागी ठेवणारा आणि प्रत्येक बदल वहीत लिहिणारा माणूस संस्थेने पैसे देऊन नेमावा. आपल्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या तरुण शिक्षकाला यात रस असेल तर त्यालाही जोडीला शिकवावे. एसआयपीचे संदेश मजकुरात असल्यामुळे ते वाचायला शिकणे अवघड नाही.

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मात्र आधी करून घ्यावी, आणि ती तंत्रज्ञाने नव्हे तर आपण, सचिव म्हणून, स्वतः करावी. संस्थेच्या नावाने डोमेन नोंदवा. नोंदणी संस्थेच्या नावावर, संस्थेच्या पॅनवर आणि कार्यालयाच्या ईमेलवर असावी. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या खात्यात ती कधीही ठेवू नये, कारण तो माणूस दुसऱ्या गावी गेला की डोमेन परत मिळवताना नाकी नऊ येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. नोंदणी एकदम पाच वर्षांची करावी, खात्याचा पासवर्ड बंद पाकिटात विश्वस्तांच्या तिजोरीत ठेवावा, आणि नूतनीकरणाची तारीख ऑडिटच्या तारखेबरोबर कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये चढवावी. कार्यालय, वसतिगृह आणि शाळा यांचे एसआयपी पत्ते, जिट्सीचा दुवा आणि ईमेल हे सगळे त्याच डोमेनवर येतील, आणि माजी विद्यार्थ्यांना जे पत्रक पाठवायचे त्यावर तेवढेच छापावे.